एकदा ओढल्यावर ब्रायरचा पाइप कसा वाळवावा

पाइप ओढून झाला, राख झाडली, पाइप पेटीत टाकला आणि संध्याकाळी पुन्हा भरला, असे चार दिवस चालले की चांगल्यातला चांगला पाइपही गुडगुडू लागतो, धुराला आंबूस कडवटपणा येतो आणि जिभेला चटका बसू लागतो. अशा वेळी बहुतेक जण तंबाखूला दोष देतात आणि दुसरा डबा आणतात. माझ्या अनुभवात दोष बहुधा तंबाखूचा नसतो. तो लाकडात साठलेल्या पाण्याचा असतो, आणि त्या पाण्याला बाहेर पडायला आपण वेळही दिलेला नसतो आणि वाटही.

हे पाणी येते कोठून, हे आधी समजून घ्यावे, कारण पुढची प्रत्येक कृती त्यावरच अवलंबून आहे. थोडे पाणी तंबाखूच्या मूळच्या ओलाव्याचे असते, थोडे लाळेचे असते, पण बरेचसे पाणी जळण्यातूनच तयार होते. पानातल्या हायड्रोजनचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग झाला की वाफ होते. १ ग्रॅम सेल्युलोज पूर्ण जळाले तर अर्ध्या ग्रॅमहून थोडे अधिकच पाणी निर्माण होते. मध्यम आकाराच्या पाइपात एका वेळी साधारण २ ते ३ ग्रॅम तंबाखू मावते. ती सगळी पूर्ण जळत नाही आणि पुष्कळशी वाफ धुराबरोबर निघून जाते, तरी उरलेली वाफ पाइपच्या थंड भागात, म्हणजे बाउलाला (तंबाखू भरायच्या वाटीला) जोडून असलेल्या लाकडी दांड्यात आणि दातांत धरायच्या नळीत, गार होऊन थेंबाथेंबाने साचते. त्यामुळे कोरडी तंबाखू भरल्याने ओल कमी होते, पण टळत नाही.

ही ओल लाकूड पिते, आणि पाइपसाठी ब्रायर पसंत केले जाते ते काही अंशी याच गुणामुळे. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राच्या काठच्या टेकड्यांवर वाढणारे एरिका आर्बोरिया हे झुडूप. पाइप त्याच्या फांदीचा करत नाहीत, खोडाच्या तळाशी जमिनीलगत वाढणाऱ्या गाठीतून कोरतात. फ्रान्सच्या जुरा भागातील सँ-क्लोद या गावात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून हा उद्योग वाढला. गाठीचे ठोकळे आधी कित्येक तास उकळून त्यांतला रस काढून टाकतात आणि नंतर ते महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे, सावलीत सुकू देतात. कारागिराने इतक्या धीराने सुकवलेले लाकूड आपण दररोज भिजवतो, हे लक्षात ठेवले की त्याला एक-दोन दिवसांची विश्रांती देणे जड वाटत नाही.

वाळवण्याची सुरुवात पाइप विझल्याबरोबर करावी. आत निखारा राहिलेला नाही याची खात्री करून टँपरच्या, म्हणजे तंबाखू दाबायच्या छोट्या दांडीच्या, टोकाने राख सैल करावी, पाइप तळहातावर हलकेच पालथा करावा आणि तळाशी उरलेली ओली, अर्धवट जळालेली तंबाखू पूर्ण काढून टाकावी. या चिकट अवशेषाकडे बरेच जण दुर्लक्ष करतात. प्रत्यक्षात तो ओल्या बोळ्यासारखा बाउलाच्या तळाशी बसून राहतो आणि तो असेपर्यंत पाइप कितीही दिवस ठेवला तरी खालून वाळत नाही. पाइप टेबलाच्या कडेवर किंवा दगडी कठड्यावर आपटून रिकामा करण्याची सवय मात्र सोडावी, कारण तो धक्का दांडा आणि नळी यांच्या सांध्यावर बसतो.

यानंतर पाइप कोमट असतानाच, नळी न काढता, दातांच्या बाजूने पाइप क्लीनर, म्हणजे कापूस गुंडाळलेली लवचीक तार, घालून तो बाउलाच्या तळापर्यंत सरकवावा, क्षणभर तेथेच ठेवून बाहेर काढावा आणि उलट्या टोकाने पुन्हा घालावा. पहिला क्लीनर तपकिरी होऊन येईल. दुसरा किंवा तिसरा जवळजवळ पांढरा येईपर्यंत हे करावे. ओल पातळ असेपर्यंत ती अशी दोन मिनिटांत टिपली जाते. गार झाल्यावर तीच ओल काजळीत मिसळून डांबरासारखी घट्ट होते आणि मग ती खरवडावी लागते.

नळी गरम पाइपातून कधीही काढू नये. या वेळी लाकूड आणि नळीचे एबोनाइट (कडक केलेले रबर) दोन्ही फुगलेली असतात, एबोनाइट थोडे मऊही पडलेले असते, त्यामुळे नळीच्या टोकाची खुंटी दांड्यातच मोडते किंवा सांधा कायमचा सैल पडतो. माझ्या वडिलांचा जुना पाइप मी असाच, स्वच्छ करण्याच्या उत्साहात, गरम असताना उघडला आणि खुंटी आत तुटून राहिली. पुढे ती काढून नवी नळी बसवून घेतली, पण त्यांच्या दातांच्या खुणा असलेली नळी गेली, याचे दुःख मला आजही आहे. ज्यांच्या दांड्याच्या तोंडाशी धातूचे कडे असते आणि निमुळती नळी नुसती खोचलेली असते, असे पाइप याला अपवाद आहेत. डब्लिनच्या पीटरसन कंपनीचे, १८९० मध्ये पेटंट घेतलेल्या रचनेचे पाइप त्यांपैकीच होत. त्यांच्या दांड्याच्या पोटात ओल साचण्यासाठी मुद्दाम खळगा ठेवलेला असतो, आणि तो ओढून झाल्यावर लगेच झटकून व पुसून रिकामा करणेच योग्य ठरते. पाइपात कागदी, कोळशाचे किंवा बाल्सा लाकडाचे फिल्टर असेल, तर तेही पाइप गार होताच काढून टाकावे, कारण भिजलेले फिल्टर आत ठेवणे म्हणजे ओल झाकून ठेवणेच आहे.

साधा पाइप पूर्ण गार व्हायला तासभर द्यावा आणि मग, बाउल न धरता दांडा धरून, नळी सरळ रेषेत ठेवत नेहमी एकाच दिशेने फिरवत काढावी. खरी घाण येथे दिसते. खुंटीचे टोक आणि दांड्यातल्या भोकाचा तळ यांच्यामध्ये थोडी पोकळी राहते, धुराचा वेग तेथे मंदावतो आणि बरीचशी ओल त्या जागीच जमते; नळीतून घातलेला बारीक क्लीनर मात्र तिच्या मधूनच निघून जातो आणि कडांना लागत नाही. यासाठी क्लीनर दुमडून जाड करावा किंवा टिश्यू पेपरची पिळून वात करावी आणि ती भोकात फिरवावी. खुंटीही पुसून घ्यावी. बाउल आतून कागदाने हलकेच पुसावा, पण भिंतीवरचा कोळशाचा पातळ थर खरवडू नये. हा थर १ ते १.५ मिलिमीटर जाडीचा असावा. तो लाकडाला आचेपासून जपतो. त्याहून फार जाड झाल्यास मात्र रीमरने, म्हणजे हा थर तासायच्या हत्याराने, कमी करावा, कारण जाड थर तापून फुगला तर बाउलाला तडा जाऊ शकतो. नव्या पाइपाला हा थर नसतोच, म्हणून सुरुवातीच्या दहा-बारा वेळा त्याला नेहमीपेक्षा अधिक विश्रांती द्यावी.

स्वच्छ केल्यावर एक कोरडा क्लीनर दांड्यात रात्रभर राहू द्यावा. तो लाकडातून पाझरणारी उरलीसुरली ओल वातीसारखा ओढून घेतो. सकाळी तो न विसरता काढावा, नाहीतर भिजलेला कापूस आतच राहून उलटा परिणाम होतो. पावसाळ्यात मी त्या एका रात्रीपुरती नळी बाजूला ठेवतो आणि सकाळी पुन्हा बसवतो. नळी अनेक दिवस वेगळी ठेवलेली मात्र चांगली नाही, कारण लाकूड आकसून भोक अरुंद झाले की नळी बसवताना जोर लावावा लागतो. नळी घट्ट लागलीच, तर खुंटीवर पेन्सिलीचे शिसे हलके घासावे. बळ वापरू नये.

पाइप बाउल वर करून ठेवावा की खाली, यावर पाइप ओढणाऱ्यांत जुना वाद आहे. माझ्या मते, आत थेंब शिल्लक असतील तरच या प्रश्नाला अर्थ आहे. आधी नीट टिपून घेतले असेल तर वाहण्याइतके पाणी उरतच नाही, आणि लाकडात मुरलेली ओल कोणत्याही स्थितीत वाफ होऊनच जाते. म्हणून बाउलाचे तोंड उघडे असावे आणि भोवती हवा खेळती असावी, इतकेच पाहावे. मी लाकडी स्टँडवर बाउल खाली आणि नळी वर, किंचित तिरकी, अशी ठेवतो. चामडी पाउच, खण आणि बंद पेटी या जागा वाळलेल्या पाइपसाठी आहेत, वाळत असलेल्यासाठी नाहीत. उन्हात, शेगडीजवळ किंवा हेअर ड्रायरने पाइप वाळवू नये. वरचे लाकूड आतल्यापेक्षा लवकर आकसते आणि तडे जातात; शिवाय उन्हाने एबोनाइट हिरवट-तपकिरी पडते.

आता किती वेळ, हा प्रश्न. एकदा ओढलेल्या पाइपाला किमान २४ तास आणि शक्यतो ४८ तास द्यावेत, असा सर्वसाधारण नियम आहे. इंग्लंडमधल्या पाइपकर्त्यांनी आठवड्याच्या वारांसाठी एकेक असे सात पाइप एका पेटीत विकले, त्यामागे हाच विचार होता. परंतु तो नियम जसाच्या तसा आपल्याकडे लावणे मला चुकीचे वाटते. जुलैत मुंबईत किंवा रत्नागिरीत हवेची सापेक्ष आर्द्रता सहज ८० टक्क्यांच्या वर असते. जी हवा स्वतःच ओथंबलेली आहे, ती लाकडातले पाणी कितीसे उचलणार? त्या दिवसांत तीन दिवसही कमी पडतात. उलट मे महिन्यात नागपूरला तोच पाइप एका दिवसात खडखडीत होतो, आणि हिवाळ्यात हीटर चालू असलेल्या परदेशी घरातही तसेच घडते. त्यामुळे घड्याळापेक्षा पाइपलाच विचारावे. कोरडा क्लीनर दांड्यात दहा मिनिटे ठेवून पाहावा. तो दमट किंवा तपकिरी आला तर थांबावे. न पेटवता रिकामा पाइप ओढून पाहावा. आंबूस वास आला तर थांबावे. सर्वांत खात्रीची कसोटी वजनाची आहे. दागिने तोलण्याच्या छोट्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर स्वच्छ केलेला पाइप ठेवून वजन लिहावे आणि रोज एकाच वेळी पुन्हा तोलावे. वजन उतरायचे थांबले म्हणजे त्या हवेत लाकूड जितके वाळणे शक्य आहे तितके वाळले.

कोकणात राहणाऱ्यांनी पावसाळ्यापुरते तीन-चार पाइप फिरते ठेवणे बरे. एअर कंडिशनर चालू असलेली खोली मिळाली तर उत्तम, नाहीतर घट्ट झाकणाच्या मोठ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून पाइप त्यांवर एक दिवस ठेवावा, त्याहून जास्त नको. कपाटातला कापूर आणि डांबराच्या गोळ्या यांपासून पाइप दूर ठेवावा, कारण लाकूड वासही तितक्याच सहजपणे पिते. कोरड्या पाइपाची चव स्वच्छ लागते, पण त्यामुळे धूर निरुपद्रवी होत नाही. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका तसाच राहतो, आणि हे ज्याने त्याने जाणूनच ठरवावे.

मुळात ओल कमी व्हावी असे वाटत असेल, तर डब्यातून काढलेली तंबाखू भरण्याआधी कागदावर पसरून अर्धा तास ठेवावी आणि पाइप सावकाश ओढावा. भराभर ओढल्याने पाइप तापतो, दांड्यात वाफ अधिक जाते, आणि गुडगुड सुरू होते.

दुर्लक्षामुळे पाइप आंबलाच किंवा त्यात बुरशी आली, तर बाउलात कापूस सैल भरावा, दांड्यात क्लीनर घालावा आणि ड्रॉपरने कापूस भिजेल इतकाच तीव्र, बिनवासाचा, पिण्यायोग्य अल्कोहोल सोडावा. कापसाऐवजी जाडे मीठही वापरतात, पण मीठ लाकडाच्या चिरांत शिरून तडे पाडू शकते, म्हणून मी कापूसच वापरतो. दुकानात मिळणारे डिनेचर्ड स्पिरिट येथे अजिबात चालणार नाही, कारण त्यात विषारी मिथेनॉल असू शकते. अल्कोहोल पाइपच्या बाहेरच्या अंगाला लागू देऊ नये, नाहीतर पॉलिश उतरते. रात्रभरात कापूस तपकिरी होतो. तो काढून, आतून पुसून, पाइप निदान आठवडाभर उघडा ठेवावा. एवढे करूनही वास राहिला, तर हीच कृती पुन्हा करावी.

हे सारे ब्रायरबद्दल झाले. तुर्कस्तानातल्या एस्किशेहिरजवळ मिळणाऱ्या मीरशॉमचा पाइप मुळात सच्छिद्र खनिजाचा असल्याने त्याला इतकी विश्रांती लागत नाही, मात्र त्यात कोळशाचा थर जमू देऊ नये आणि प्रत्येक वेळी बाउल आतून पुसून काढावा. मातीचा पाइप, आपल्या चिलमीसारखाच, भाजलेल्या मातीचा असतो, आणि त्याला लाकडासारखी दिवसांची विश्रांती लागत नाही. मक्याच्या कणसाचा पाइप स्वस्त असतो आणि लवकर वाळतो, म्हणून पावसाळ्यातल्या फिरत्या पाइपांमध्ये असा एक असावा. त्याच्या बाउलाच्या तळाशी दिसणारे लाकडी दांड्याचे टोक मऊ पडून करपू लागले, की तो बदलावा.