आधी पान दाबा, मग पाणी

माझी पहिली एचेव्हेरिया, म्हणजे जाड, रसाळ पानांच्या गुच्छाचं सक्युलंट झाड, लाडानं गेली. रोज सकाळी न चुकता पेलाभर पाणी. खालची पानं आरपार दिसायला लागली तेव्हा वाटलं, बिचारीला तहान लागली असणार, आणखी पाणी. एक दिवस उचलायला गेले तर अख्खा गुच्छ हातात आला. खाली बुंधा काळा, बुळबुळीत.

आता वार बघून पाणी घालत नाही. सगळ्यांत खालचं पान चिमटीत धरून हलकेच दाबते. टणक असेल तर पाणी नाही. लिबलिबीत आणि बारीक सुरकुतलेलं असेल तर तहान. लिबलिबीत पण पिवळट, पाणी भरल्यासारखं असेल तर हात आवरा, ते मुळं सडत असल्याचं लक्षण. पाणी द्यायचं तेव्हा मात्र कुंडीच्या भोकातून निथळेपर्यंत, आणि बशीत साचलेलं ओतून टाकायचं. वरवर फवारा मारून काही होत नाही.

माती अर्धी, परलाइट (कुंडीत घालायचे पांढरे, हलके दाणे) किंवा जाडी वाळू अर्धी. बारीक वाळू नको, ती दाबून बसते. तळाशी खडे घालून बिनभोकाची कुंडी चालवायचा खटाटोप मीही केला. पाणी वरच्या मातीतच अडून राहतं.

पानांमध्ये अंतर पडून झाड लांबुडकं व्हायला लागलं की ऊन कमी पडतंय. पण एकदम कडक उन्हात ठेवलंत तर डाग पडतात, ते जात नाहीत. आठवडाभरात थोडं थोडं सरकवा. खिडकीतल्या मंद उजेडात हॉवर्थिया हे दुसरं सक्युलंट बरं. पानांवरची पांढरी भुकटी पुसू नका, ती त्यांची उन्हापासूनची ढाल असते. कापसासारखे पुंजके दिसले तर मात्र ती पिठ्या ढेकूण ही कीड. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीनं टिपून घ्या.

खरी मजा पानापासून रोप करण्यात. पान बुडाशी धरून डावी-उजवीकडे हलवत अख्खं सोडवायचं. बूड खोडालाच राहिलं तर कोंब येत नाही. दोन-तीन दिवस सावलीत जखम सुकू द्यायची, मग कोरड्या मातीवर नुसतं ठेवायचं, पुरायचं नाही. मी डब्याच्या झाकणात ठेवते. दोन ते चार आठवड्यांत गुलाबी दोऱ्यासारखी मुळं येतात, मग मोहरीएवढा गुच्छ. मुळं दिसल्यावरच त्यांच्यापुरता फवारा. काही पानांना नुसती मुळंच फुटतात, वर काही नाही. त्यांच्यापुढे मी हात टेकलेत. जुनं पान ओढून काढू नका. पिल्लू त्याच्यावरच जगत असतं. कागदासारखं वाळलं की आपोआप गळतं.