जनावर पुरताना खड्डा किती खोल हवा? या चुका टाळा

गाय किंवा बैल दगावला की जेसीबीवाल्याला एकच सांगितलं जातं: "सहा फूट घे." मोजमाप बिघडतं ते इथेच. मोजायची असते ती जनावराच्या अंगावर येणारी माती. मोठी गाय कुशीवर निजवली तरी दोन-अडीच फूट जागा घेते, फुगली असेल तर त्याहून जास्त. चार फुटांच्या खड्ड्यात वर जेमतेम दीड फूट माती उरते आणि कुत्र्यांचं टोळकं ती एक-दोन रात्रींत उकरून काढतं. गिधाडं कमी झाल्यापासून गावोगाव कुत्र्यांची संख्या केवढी आहे, ते वेगळं सांगायला नको.

सहा फुटांचा आकडा जुना आहे. १६६५ च्या प्लेगात लंडनच्या लॉर्ड मेयरच्या हुकमांत कबर किमान सहा फूट खोल असावी असं होतं. इंग्लंडमधल्या पालिकांच्या दफनभूमींचा १९७७ चा नियम मात्र वरची मातीच मोजतो: शवपेटीवर किमान तीन फूट, जमीन चांगली असेल तर दोन. जनावराला पेटी नसते आणि पोटातला वायू खूप, म्हणून तिथे पाच फुटांहून कमी माती नको.

मोठ्या जनावरासाठी ८ फूट लांब, ७ फूट रुंद, ८ फूट खोल खड्डा धरा. म्हणजे साधारण साडेचार ब्रास माती निघेल. वासराला सहा फूट खोली पुरते. खोदलेली माती काठापासून चार फूट लांब टाका. काळ्या जमिनीत, विशेषतः पावसाळ्यात, सरळ कापलेली भिंत अचानक ढासळते. खड्ड्यात माणूस उतरवू नका. जनावर दोर आणि जेसीबीच्या बकेटच्या मदतीने वरूनच सोडा.

आणखी खोल गेलं की आणखी चांगलं, असंही नाही. खाली हवा कमी, जंतू कमी, त्यामुळे कुजणं रेंगाळतं, आणि मुख्य म्हणजे भूजल जवळ येतं. खड्ड्याचा तळ आणि पाण्याची पातळी यांत किमान तीन-चार फूट कोरडी माती हवी. ही पातळी मे महिन्यातली धरू नका. उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत दिसलेला खड्डा भाद्रपदात पाण्याखाली असतो. शेजारच्या विहिरीचं पाणी सप्टेंबरमध्ये जमिनीपासून किती खाली असतं ते विचारा आणि त्यावरून जागा ठरवा. ब्रिटनमध्ये जिथे अशा दफनाला परवानगी असते तिथे विहीर-बोअरपासून २५० मीटर आणि ओढ्यापासून ३० मीटर अंतर लागतं. दोन एकरांच्या मालकाला २५० मीटर कुठून मिळणार? तरी निदान विहिरीच्या उताराकडच्या बाजूला, जमेल तितकं लांब जा. कोकणातल्या जांभ्यात आणि भेगाळलेल्या खडकात पाणी झटकन पसरतं, तिथे जागा शोधण्यात जास्त वेळ घालवा. तीन-चार फुटांवर कातळ लागला तर तिथेच उथळ पुरण्यापेक्षा खोल मातीची दुसरी जागा बघा. पडक्या विहिरीत जनावर लोटणं ही तर सगळ्यात वाईट सवय. विहीर म्हणजे थेट भूजलाचं तोंड, आणि भेगांतून तेच पाणी शेजाऱ्याच्या बोअरला जातं.

चुना "मांस खातो" हा समज घट्ट आहे. प्रत्यक्षात चुना थेट अंगावर ओतला की कातडी सुकते आणि कुजणं मंदावतं. आधी दीड फूट माती, मग विरवलेल्या चुन्याचा सलग थर, मग उरलेली माती, असा क्रम ठेवा. मिठाच्या गोण्या टाकायची पद्धतही आहे; पण मीठ टिकवतं, कुजवत नाही, आणि खारटपणा पाण्याबरोबर झिरपतो. साथीच्या आजारात पशुवैद्यक वेगळं सांगत असतील तर त्यांचं ऐका. प्लॅस्टिकच्या ताडपत्रीत गुंडाळून पुरू नका, ती कुजू देत नाही.

आता पोटाचं. जनावर मेल्यानंतरही पोटातले जंतू वायू तयार करत राहतात. त्याच्या जोराने वरची माती उचलली जाते, भेगा पडतात आणि वास सुटतो. म्हणून पुरण्याआधी पोटाला छेद देतात. पण काळपुळीचा, म्हणजे फाशीचा, जराही संशय असेल तर चाकू लावायचा नाही. जनावर अचानक मेलं, नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून काळसर, न गोठणारं रक्त आलं, तर आधी पशुवैद्यकाला बोलवा. न फाडलेल्या मढ्यात हे जंतू कुजण्यातच मरतात. रक्ताला हवा लागली की त्यांचे बीजाणू बनतात आणि जमिनीत दशकानुदशकं टिकतात. असं जनावर ओढत नेऊ नका, नाका-तोंडात आणि गुदद्वारात जंतुनाशकात भिजवलेले बोळे घाला. जाळणं शक्य असेल तर पुरण्यापेक्षा तेच बरं. इथे चुनाही टाळलेला चांगला, कारण त्यातलं कॅल्शियम बीजाणूंना तग धरायला मदत करतं असं मानलं जातं. दावं, वेसण, खालचा चारा आणि रक्ताने भिजलेली माती जनावराबरोबरच जायला हवी.

माती भरताना जेसीबीच्या बकेटने ठोकू नका. वायूला वाट हवी. जमिनीच्या वर दीड-दोन फूट उंचवटा ठेवा, कारण आतलं आकारमान घटत जातं आणि माती खाली बसते. सपाट भरलेला खड्डा पहिल्या पावसाळ्यात डबकं होतो. वरच्या अंगाला पाणी वळवणारा चर काढा, उंचवट्यावर दगड आणि बाभळीचे काटे रचा, आणि खचलं की पुन्हा माती टाका. वर्षभर त्यावरून ट्रॅक्टर नेऊ नका.

विमा असेल तर कानातला बिल्ला. तो जनावराबरोबर पुरला जातो आणि नंतर दावा अडकतो, मग पुरलेलं उकरायची वेळ येते. आधी बिल्ल्याचा क्रमांक नीट दिसेल असा फोटो, मग पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल, आणि विमा कंपनीला बिल्ला हवा असेल तर तो पशुवैद्यकांसमोरच काढून घ्या. काळपुळीच्या संशयात शवविच्छेदन होणार नाही. तसं प्रमाणपत्र मागून ठेवा.