बंगल्याला जोडून काढलेली खोली भाड्याने द्यायचीय? आधी मंजूर नकाशा बाहेर काढा

बंगल्याच्या नाहीतर रो-हाऊसच्या कडेला एक खोली वाढवलेली असते, बाहेरून वेगळा दरवाजा, छोटासा स्वयंपाकाचा ओटा, संडास-बाथरूम, आणि मालक थेट विचारतो की ॲग्रीमेंट कुठे करू. थांबा जरा. घर भाड्याने देणं हा गुन्हा नाहीच, प्रश्न असतो बांधकामाचा.

म्हणून पहिलं काम, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र (बांधकाम वापरायला दिलेला दाखला) काढायचं आणि टेप घेऊन मापं जुळवायची. नकाशात साईड मार्जिन दाखवलेलं असतं, तुमची खोली त्या मोकळ्या पट्ट्यातच उभी असेल तर एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक आणि नगररचना कायदा १९६६ प्रमाणे ते विनापरवाना बांधकाम, आणि कलम ५३ खाली पाडायची नोटीस येऊ शकते. एफएसआय, म्हणजे प्लॉटवर जेवढं बांधायची परवानगी असते ते, शिल्लक असेल आणि मार्जिन सुटत असेल तर लायसन्सवाल्या आर्किटेक्टकडून सुधारित नकाशा टाकून दंड भरून नियमित होण्याची आशा असते, मार्जिनच खाल्लं असेल तर अवघड आहे, आर्किटेक्ट कितीही ओळखीचा असो.

दुसरी मेख स्वयंपाकघराची. नकाशात ‘बेडरूम’ लिहिलेल्या मंजूर खोलीत भाडेकरू ठेवणं वेगळं आणि तिथे ओटा-सिंक बसवून वेगळं बिऱ्हाड करणं वेगळं, कारण बांधकामाच्या नियमावलीत स्वतंत्र किचन असलं की ते स्वतंत्र सदनिका धरतात आणि मग पार्किंगचा हिशोबही बदलतो. पुणे, नाशिक, ठाण्याला २०२० ची एकत्रित नियमावली बघायची, मुंबईची वेगळी आहे.

‘पण आम्ही टॅक्स भरतो ना, मीटर पण वेगळा आहे!’ हे तर प्रत्येकजण म्हणतो. महापालिका अवैध बांधकामावर पण टॅक्स लावते, वर शास्ती लावू शकते, आणि त्याने बांधकाम कायदेशीर होत नाही हे कायद्यातच लिहिलंय. विजेच्या मीटरचं पण तेच.

नकाशा साफ असेल तर पुढचं सोपं. लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे जागा ठराविक मुदतीसाठी वापरायला देण्याचा करार, लेखी आणि रजिस्टर्डच हवा, अकरा महिन्यांचा असला तरी, नोटरी चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ मध्ये ही जबाबदारी मालकावर आहे, नाही केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि त्याहून वाईट म्हणजे वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरतात. खर्च काही फार नाही हो: १०,००० भाडं, ५०,००० डिपॉझिट, अकरा महिने धरले तर ०.२५ टक्क्याने स्टॅम्प ड्युटी तीनेकशे रुपये, शहरात नोंदणी फी १,०००. ऑनलाईन होतं, आधार आणि अंगठा लागतो. करारात जागेचं वर्णन मात्र नकाशाप्रमाणेच लिहा, ‘तळमजला, पूर्वेकडची खोली, इतके चौरस फूट’ असं, नुसता बंगल्याचा पत्ता टाकलात तर भाडेकरूला नेमकं काय दिलं यावरूनच पुढे भांडण.

पोलीस स्टेशनला भाडेकरूची माहिती द्या, ऑनलाईन पण देता येते. रो-हाऊस सोसायटीत असेल तर नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः न राहता भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते ते शुल्क) लागतील, पण ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर घेता येत नाहीत, जास्त मागितले तर बिनधास्त विचारा. आणि पुण्यात स्वतः राहतो म्हणून मिळणारी ४० टक्के टॅक्स सवलत भाड्याने दिलेल्या भागाला मिळत नाही, तेव्हा भाडं ठरवतानाच ते धरून ठेवा.