तलावाकाठची प्रकाशकला पाहायला जाताना

ठाण्यात प्रकाशाचे मांडणशिल्प, म्हणजे मोकळ्या जागेत दिवे मांडून उभी केलेली कलाकृती, पाहायला निघणारे बहुतेक जण जेवणे आटोपून रात्री नऊच्या सुमारास तलावावर पोहोचतात. पुरता अंधार पडला म्हणजे पाहण्याची वेळ झाली, असा त्यामागचा हिशेब असतो. माझा सल्ला नेमका उलटा आहे. उपवन किंवा मासुंदा तलावाकाठी अशी मांडणी असेल, तर सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीच तिथे हजर राहावे. डिसेंबरच्या सुरुवातीला इथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जानेवारीअखेर साडेसहाच्या सुमारास, त्यामुळे कचेरीतून परस्पर निघणे सोयीचे.

पहिली फेरी दिवे लागण्याआधी मारावी. बांबू कुठे रोवले आहेत, वायरी जमिनीवरून कशा नेल्या आहेत, पायऱ्या कुठे आहेत, हे उजेडातच नीट कळते आणि नंतर ठेच लागत नाही. शिवाय एखादी दुधी रंगाची साधी प्लास्टिकची नळी, जिच्या तोंडाला चिकटपट्टीचे दोन वेढे दिसत होते, तीच तासाभराने हवेत तरंगणारी रेघ होते, हा बदल पाहायचा तर ती नळी आधी पाहिलेली हवी. सूर्यास्तानंतर आकाश काही वेळ गडद निळे असते. झाडांच्या कडा आणि दिवे एकाच वेळी दिसतात ते तेवढ्यातच, म्हणून छायाचित्रे त्या वेळी काढून मोबाइल खिशात टाकावा.

मोबाइल खिशात टाकायचे कारण शिष्टाचाराचे नाही, डोळ्यांचे आहे. अंधाराला डोळे पुरते सरावायला साधारण 20 ते 30 मिनिटे लागतात, उतारवयात त्याहूनही जास्त. आणि एक संदेश वाचण्यापुरता पडदा उजळला तरी ती कमाई बरीचशी वाया जाते. एकदा मी स्वतः दर पाच मिनिटांनी घड्याळ म्हणून मोबाइल पाहत राहिलो आणि मंद निळ्या दिव्यांची एक अख्खी रांग मला दिसलीच नाही. शेजारच्या आजोबांनी बोट दाखवले तेव्हा कुठे ती लक्षात आली. विजेरी लागणारच असेल, तर तिच्यावर लाल जिलेटीन कागद लावून झोत पायांशी ठेवावा, कारण मंद उजेडात काम करणाऱ्या पेशींना लाल रंग फारसा जाणवत नाही. फ्लॅश मात्र बंदच ठेवावा. त्याचा उजेड जेमतेम चार-पाच मीटर जातो आणि तेवढ्यात पुढच्या सगळ्यांचे डोळे दिपवतो. चित्रात आडवे पट्टे येत असतील, तर शटरचा वेग 1/50 किंवा 1/100 सेकंद करून पाहावा, कारण 50 हर्ट्झच्या विजेवर चालणारे अनेक दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात.

जागेबाबत माझे झुकते माप उपवनला आहे. मासुंदा स्टेशनपासून चालत जाण्याजोगा आहे खरा, पण गडकरी रंगायतनच्या बाजूने पाहा की कोपिनेश्वराच्या, वाहनांचे झोत आणि दुकानांच्या पाट्या मध्ये येतातच. उपवनच्या मागे येऊरचे डोंगर काळे उभे असतात. तिथे मांडणीच्या समोरच्या काठावर जाऊन उकिडवे बसावे: नजर पाण्याच्या जितकी जवळ आणि तिरपी, तितके प्रतिबिंब ठळक दिसते. वारा पडेपर्यंत थांबण्याची तयारी ठेवावी. डासही तितकाच वेळ थांबतात, तेव्हा पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत.

सोबत कुणाला अपस्माराचा त्रास असेल, तर लुकलुकणारे दिवे आहेत का, हे प्रवेशापाशी आधी विचारावे. सेकंदाला 3 ते 30 वेळा चमकणारा प्रकाश काही जणांना झटका आणू शकतो.

परतताना दुचाकीवर लगेच बसू नये. पोखरण रस्त्यावरचे समोरून येणारे हेडलाइट अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना फार टोचतात, म्हणून रस्त्यावरच्या दिव्याखाली पाच मिनिटे उभे राहून मगच गाडी सुरू करावी.