इंडक्शनवाल्यांचं भरीत आणि टॉर्च गन

घरात इंडक्शन आलं आणि आमच्याकडे भरीत बंद झालं. बायको खानदेशची, त्यामुळे थंडीत बाजारात भरताची वांगी दिसली की टोमणा ठरलेला, शेवटी मी टॉर्च गन, म्हणजे गॅसच्या छोट्या डब्यावर बसवायचा ज्योत फेकणारा टॉर्च, घेऊनच आलो. आणि पहिल्याच दिवशी काय केलं, पेटवली आणि लगेच वांग्यावर आडवी धरली. निळी ज्योत गेली आणि हातभर पिवळा भडका उडाला, मनगटावरचे केस गेले ते गेले, वर वास.

असं का होतं ते नंतर कळलं. डब्यात गॅस द्रवरूपात असतो, डबा उभा असला की वरची वाफ बाहेर येते, पण आडवा किंवा उलटा केला की द्रवच नोझलकडे धावतो आणि टॉर्चचं तोंड थंड असेल तर तो तसाच बाहेर पडून भडकतो. म्हणून पेटवल्यावर मिनिट-दोन मिनिटं डबा सरळ उभा धरायचा, आच बारीक, डबा हलवायचा नाही. तोंड तापलं की मगच हळूहळू तिरका. उलटा तर टॉर्चच्या माहितीपत्रकात लिहिलं असेल तरच.

डबा बघून घ्या. आपल्याकडे सहज मिळतात ते बहुतेक ब्युटेनचे. प्रोपेनचा दाब २० अंशाला ब्युटेनच्या साधारण चौपट असतो, त्यामुळे ज्या डब्यासाठी टॉर्च बनलाय तोच लावायचा, अडॅप्टर लावून जुगाड नको. आणि घरच्या सिलिंडरमधून छोटा डबा भरून देणारे भेटतात ना, त्यांच्या नादी अजिबात लागू नका राव.

डबा बसवताना नॉब बंद हवा, आजूबाजूला शेगडी-दिवा काही पेटलेलं नको. मग जोडावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर लीक आहे. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली जमिनीलगत साचतो, म्हणून वास आला तर नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही, बाल्कनीचं दार उघडायचं, आणि एक्झॉस्टच्या बटणाला हात नाही लावायचा, लाइटच्याही नाही. दोन-तीनदा खटका दाबून पेटलं नाही तर नॉब बंद करा, गॅस उडून जाऊ द्या, मग परत. नुसतं खटखट करत बसलात तर साचलेला गॅस एकदम पेटतो.

थंडीत अजून एक गंमत. निफाडला पारा पाच-सहा अंशांवर जातो तेव्हा आपल्या इकडेही सकाळी टॉर्च मरगळतो, कारण ब्युटेनची वाफ शून्याच्या आसपासच व्हायची थांबते आणि गॅस वापरताना डबा स्वतःच अजून गार पडतो. डबा घरात ठेवा, थोडा वेळ थांबा, पण गरम पाण्यात किंवा हीटरसमोर नाही म्हणजे नाही. उन्हाळ्यात उलटं, बंद गाडीत विसरायचा नाही, ५० अंशांच्या वर डबा धोक्याचा.

आता वांगं. सुरीने चार-पाच भोकं पाडा, नाहीतर आतली वाफ सालासकट फुटते. तेल आधी लावू नका, थेंब गळून पेटतो. लोखंडी तव्यावर किंवा स्टीलच्या ताटावर ठेवा, ओट्याच्या ग्रॅनाइटवर ज्योत नको, तडकतो, आणि नॉनस्टिकवर तर मुळीच नको. चिमट्याने फिरवत रहा. ज्योतीत आतला गडद निळा शंकू असतो ना, त्याच्या टोकाच्या जरा पुढे सगळ्यात जास्त आच, तिथेच वांगं यायला हवं. पिवळी ज्योत म्हणजे गॅस नीट जळत नाही, भरताला गॅसचा वास लागतो. खरं सांगायचं तर एका मोठ्या वांग्याला बराच वेळ जातो, आणि आत शिजवायला नंतर झाकण घालून वाफ द्यावी लागते. मिसळीसोबतचा पापड मात्र क्षणात होतो, लांबूनच फिरवा, नाहीतर कोळसा.

ओढणी, नायलॉनचे कपडे, मोकळे केस, जवळ ठेवलेला पेपर, सगळं बाजूला. दुपारच्या उन्हात बाल्कनीत ज्योत दिसतच नाही, म्हणून मी तिथे करतच नाही. काम झालं की आधी नॉब बंद, मग टॉर्च उभा ठेवून पूर्ण गार होऊ द्या, डबा तेव्हाच काढा. तोंड विझल्यावरही बराच वेळ चटका देतं. भाजलंच तर २० मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली हात, टूथपेस्ट नाही, हळदही नाही.