गाडीची बॅटरी काढताना आधी मायनस, लावताना शेवटी मायनस

गाडी बंद करून चावी काढा, हातातली अंगठी-कडंही काढून ठेवा, मग १० नंबरचा पाना घेऊन आधी काळी मायनसची वायर सोडवा आणि ती फडक्यात गुंडाळून बाजूला सारा, लाल प्लसची वायर नंतर. कारण मायनस गाडीच्या बॉडीलाच जोडलेला असतो, लाल आधी सोडवायला गेलात आणि पाना चुकून बॉडीला टेकला की डायरेक्ट शॉर्ट, ठिणगी उडते, हात भाजतो, चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो तोही पेट घेऊ शकतो. लावताना बरोबर उलटं, आधी लाल, मग काळी. टर्मिनलवर पांढरी-निळी पावडर साचली असेल तर खायचा सोडा टाकलेल्या गरम पाण्याने जुन्या टूथब्रशने घासा, नीट कोरडं करा, मगच क्लॅम्प आवळा. घड्याळ, रेडिओ नंतर परत सेट करावं लागतं.