खिडकीतला टोमॅटो: आधी दिशा बघा, मग बी आणा

ठाणे-नवी मुंबईच्या फ्लॅटमध्ये टोमॅटो फसतो तो सहसा खतापायी नाही. खिडकी आणि महिना चुकतो म्हणून फसतो. रोज 6 तास थेट ऊन हवं. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन पार खोलीत येतं. मे महिन्यात तो डोक्यावर असतो, तेव्हा त्याच खिडकीत कवडसाही पडत नाही. पूर्वेच्या खिडकीत 4 तास ऊन मिळत असेल तर मोठ्या फळाचा नाद सोडा, चेरी टोमॅटो लावा. समोर टॉवर उभा असेल तर पांढरा एलईडी ग्रो लाइट शेंड्यापासून फूटभर वर टांगून 12-14 तास चालू ठेवावा लागेल.

बी गणपती गेल्यावर टाका. फुलं नोव्हेंबर-डिसेंबरच्या गार रात्रींत यायला हवीत, कारण रात्रीही उकडत राहिलं की फळ धरत नाही. कोकोपीट आणि गांडूळखत निम्मं-निम्मं घेऊन बी अर्धा सेंटिमीटर खोल पेरा, आठवड्याभरात उगवतं. रोप काडीसारखं लांबुडकं झालं तर उजेड कमी पडतोय असं समजा.

चार-पाच खरी पानं आली की (उगवताना येणारी पहिली दोन गुळगुळीत पानं धरू नका) 12 इंची कुंडीत हलवा. खालची पानं खुडून खोड निम्मं मातीत गाडा. गाडलेल्या खोडालाही मुळं फुटतात. कुंडीत लाल माती, कोकोपीट, गांडूळखत समान भाग. भिजलेली कुंडी चांगलीच जड होते, ती ग्रिलच्या कडेवर ठेवू नका. काठीचा आधार त्याच दिवशी द्या, नंतर खुपसली तर मुळं तुटतात.

बोटाचं एक पेर माती कोरडी लागली की खालून निथळेपर्यंत पाणी घाला, ताटलीतलं ओतून द्या. दोन दिवस कोरडं आणि तिसऱ्या दिवशी महापूर, असं झालं की फळाचा बुडखा काळा पडतो. पाण्याअभावी कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही, म्हणून हे होतं. त्यावर अंड्याची टरफलं घालण्याने तातडीने काही होत नाही. आधी पाणी नियमित करा.

खरी मेख परागीभवनात. टोमॅटोच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही असतात, पण पराग पिवळ्या नळीच्या आत असतो आणि हलल्याशिवाय झडत नाही. बंद घरात वारा नाही. म्हणून सकाळी 10 ते 12च्या दरम्यान, हवा कोरडी असताना, चालू इलेक्ट्रिक टूथब्रशची पाठ गुच्छाच्या देठाला दोन-तीन सेकंद लावा. नसेल तर बोटाने टिचकी मारा. खाली काळा कागद धरला तर पिवळी धूळ पडताना दिसते. फूल उघडं असेपर्यंत रोज करा. देठावर मध्येच एक गाठ असते; ती पिवळी पडली की फूल तिथूनच गळणार. पानं गर्द हिरवी, झाड धष्टपुष्ट आणि फुलं मात्र नाहीत, तर नत्र जास्त झालंय. शेणखत थांबवा आणि 13:0:45 (नत्र कमी आणि पोटॅश जास्त असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) लिटरला 1 ग्रॅम, पंधरवड्यातून एकदा द्या.

उंच वाढणाऱ्या जातीची बगलफूट, म्हणजे पान आणि खोडाच्या बेचक्यातून निघणारी फांदी, बोटभर असतानाच खुडा. बुटक्या जातीची खुडू नका, फळं कमी होतील. पांढरी माशी पानाखाली बसते. लिटरभर कोमट पाण्यात 5 मिली नीमतेल आणि दोन थेंब भांड्यांचा साबण घालून संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. उन्हात फवारलं तर पानं करपतात.